प्रॅक्टिकलला येण्याआधीच होणाऱ्या चुका: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, या टाळा

पहिल्या वर्षाची मुलं प्रॅक्टिकलला काहीच न वाचता येतात. "सर सांगतीलच" हा भरवसा. पण त्या दोन-तीन तासांत मांडणी, रीडिंग, आकडेमोड आणि काचसामान धुणं एवढं सगळं उरकायचं असतं. प्रयोग समजून घ्यायला वेळ उरतो कुठे? ते काम आदल्या रात्रीचं.

सगळ्यात महागात पडते ती वजनकाट्यासमोर उभं राहून गणित करण्याची घाई. एका बॅचमधल्या जोडीने ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं २५० मिली द्रावण असंच बनवलं. सूत्र पाठ होतं, म्हणून पाण्याविनाचा रेणुभार ९० धरला आणि १.१२५ ग्रॅम तोललं. बाटलीत होते पाण्याचे दोन रेणू धरून ठेवणारे स्फटिक, आणि लेबलवर १२६.०७ स्पष्ट छापलेलं. हवे होते १.५७६ ग्रॅम. दहा-दहा मिली घेऊन त्यात ब्युरेटमधून (खाली तोटी असलेल्या मोजणीच्या नळीतून) सोडियम हायड्रॉक्साइड सोडत टायट्रेशन केलं, म्हणजे अभिक्रिया पूर्ण व्हायला ते किती मिली लागतं हे मोजलं: ७.१, ७.१, ७.१. रीडिंग जुळल्याने दोघंही निर्धास्त. सोडियम हायड्रॉक्साइड ०.१४ नॉर्मल निघालं; त्याच बाटलीतून घेतलेल्या इतरांचं ०.१ च्या आसपास. मग ब्युरेट पुन्हा धुतली, इंडिकेटर (अभिक्रिया पूर्ण झाल्याचं रंगाने दाखवणारं द्रव्य) बदलला, शेजाऱ्यांवर शंका घेतली. मी वही मागितली, तर वजनाचं गणित कुठेच लिहिलेलं नव्हतं. तास संपला.

रीडिंग जुळली याचा अर्थ तुमचा हात स्थिर आहे, एवढाच. माझी सवय अशी: गणित आदल्या दिवशी वहीत लिहायचं आणि बाटली उघडण्याआधी लेबलवरच्या रेणुभाराशी ताडून पाहायचं. नेमके १.५७६ साधायला कण-कण काढत-घालत बसू नका. १.५८१ आलं तर तेच लिहा आणि त्यावरून खरी नॉर्मॅलिटी काढा.

ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच शेवटी विसळा. कोनिकल फ्लास्क (शंकूच्या आकाराचा चंबू) मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. भरून झाल्यावर फनेल काढा, टोकातला बुडबुडा घालवा. व्हर्निअर (बारीक लांबी मोजायचं साधन) हातात घेतला की आधी झिरो एरर, म्हणजे बंद असताना तो शून्य दाखवतो का, ते पाहा. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. गॉगल डोळ्यांवर हवा, कपाळावर नको.

आणि चिठोऱ्यावर रीडिंग लिहिणं! "नंतर जर्नलमध्ये नीट उतरवू" म्हणतात. चिठोरं हरवतं, किंवा उतरवताना न पटणारा आकडा हळूच 'सुधारला' जातो. हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. निरीक्षणाचा तक्ता घरूनच आखून आणा, एककांसकट, आणि रीडिंग थेट त्यात पेनाने लिहा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बऱ्याचदा खोडलेलंच रीडिंग बरोबर होतं हे आलेख काढताना कळतं, आणि पेन्सिलने लिहिलं असेल तर तोवर खोडरबराने ते पुसलेलं असतं.