दीड-दोन वर्षांच्या मुलाची बाबाशी गट्टी कशी जमवायची

पहिलं म्हणजे रोजचं एक काम बाबाने कायमचं आपल्याकडे घ्यायचं, आंघोळ घ्या नाहीतर रात्री झोपवणं घ्या, पण रोज तेच, कारण या वयात मुलाला ठरलेल्या गोष्टी आवडतात आणि चार दिवसांत तो स्वतःच टॉवेल ओढत बाबाला शोधायला लागतो. सुरुवातीला "आईच पाहिजे" म्हणून रडेल, दीड वर्षाच्या आसपास हे अगदी नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका. आईने मात्र लगेच धावत यायचं नाही, बाबाला जमू द्यायचं.

खेळताना जमिनीवर बसा, त्याच्या उंचीला या. माझा मुलगा झाकण उघडायचा, लावायचा, परत उघडायचा, वीस वेळा तेच, मी नुसता बाजूला बसून "उघडलं, लागलं" म्हणत राहिलो आणि एक दिवस त्याने झाकण माझ्या हातात देऊन "बाबा लाव" म्हटलं, तो क्षण अजून डोळ्यासमोर आहे. दोन वर्षांच्या आसपास असे दोन शब्द जोडायला लागतात, म्हणून जे करताय ते बोलत राहा.

मस्ती भरपूर करा, पण हाताला धरून उचलू किंवा गरगर फिरवू नका, कोपर निखळू शकतं. काखेत धरूनच उचला.

आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पंधरा मिनिटं मिळाली तरी चालतील, पण ती पूर्ण त्याची.