घरी चेक पद्धतीची लागर करताना या चुका टाळा

लागर म्हणजे थंडीत आंबवलेली आणि थंडीत मुरवलेली बिअर. चेक पद्धतीच्या फिकट लागरमध्ये साहित्य मोजकंच: पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली), चेक देशातल्या झाटेत्स परिसरातले साझ हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं), मृदू पाणी आणि थंडीत काम करणारं यीस्ट. योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने ऑक्टोबर 1842 मध्ये पिल्झेन शहरात पहिला घाणा काढला, तोही याच साहित्यावर. काळपट भाजलेल्या माल्टचा किंवा फळांसारख्या वासाच्या हॉप्सचा आडोसा या बिअरला नाही, त्यामुळे दोष लपत नाहीत. शिवाय चूक बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत होते आणि कळते दीड महिन्याने. मग लोक शेवटच्या पायरीला दोष देतात आणि पुढच्या घाण्यात तीच चूक पुन्हा करतात.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. ब्रिटनमध्ये 1963 पासून आणि अमेरिकेत केंद्रीय कायद्याने 1979 पासून घरच्यापुरती मुभा आहे. अशा ठिकाणी राहून गॅरेजातल्या जुन्या फ्रिजमध्ये हा खटाटोप करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिलं आहे.

पाणी: कडूपणा जिभेवर रेंगाळतो

साझ हॉप्सचा कडूपणा भरपूर असूनही मऊ लागायला हवा. तो घशाला खरखरीत लागला, तर हॉप्स कमी करण्याआधी पाणी तपासा. पिल्झेनच्या पाण्यात क्षार फारच कमी. लंडनसारख्या शहराचं जड पाणी घेऊन ही बिअर साधत नाही. आरओचं पाणी घ्या आणि त्यात थोडंसं कॅल्शियम क्लोराइड घाला. जिप्सम मात्र नको. त्यातल्या सल्फेटमुळे कडूपणाला धार येते, आणि ती इथे नको असते.

मृदू पाणी घेतलं की दुसरी अडचण उभी राहते: फिकट माल्टच्या मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड माल्टचा) पीएच 5.7 च्या आसपास चढतो. लॅक्टिक ॲसिडचे थेंब घालून किंवा दोन-तीन टक्के आम्ल माल्ट मिसळून तो 5.3 ते 5.5 वर आणा. मोजताना नमुना आधी खोलीच्या तापमानाला गार करा.

बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास आला, तर कारण बहुधा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. नळाचं पाणी वापरायचंच असेल, तर 20 लिटरला कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची) पाव गोळी पुरते.

डिकॉक्शन: घट्ट भाग घ्या, पातळ नको

मॅशचा एक भाग बाजूला काढून उकळायचा आणि परत मिसळायचा, ही चेक ब्रूअरीतली जुनी रीत. तिची भीती बाळगण्याचं कारण नाही, पण हातघाई चालत नाही. सर्वात मोठी चूक म्हणजे उकळायला पातळ भाग काढणं. स्टार्चची साखर करणारे एन्झाइम त्या पातळ भागातच जास्त असतात. ते उकळून मारले तर मुख्य मॅशमध्ये काम करायला कोण उरणार? झाऱ्याने साधारण तिसरा हिस्सा घट्ट मॅश काढा, 72 अंशांवर पंधरा मिनिटं थांबवा, मगच उकळी आणा. पातळ भाग फक्त शेवटच्या वेळी, मॅश 78 अंशांवर न्यायला.

मॅश बुडाला लागू देऊ नका. जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच आणि हात थांबवायचा नाही. करपल्याचा वास पुढे कशानेही जात नाही. उकळलेला भाग परत ओततानाही थोडाथोडा ओता आणि तापमान बघत राहा. ठरलेलं तापमान गाठलं की थांबा, उरलेलं निवू द्या आणि नंतर मिसळा.

50 अंशांवर मॅशला दिलेला लांबलचक विसावा आजच्या माल्टला लागत नाही, उलट फेस कमी होतो. आणि माझं स्पष्ट मत असं: पाणी, यीस्ट आणि तापमान हाताशी येत नाही तोवर डिकॉक्शनच्या मागे लागू नका. साध्या मॅशवरही चांगली लागर होते. आजारी यीस्टवर मात्र तीन डिकॉक्शन करूनही होत नाही.

उकळी: उकडलेल्या मक्याचा वास

हा वास डायमिथाइल सल्फाइडचा. पिल्सनर माल्टमध्ये त्याचं मूळ द्रव्य जास्त असतं. झाकण न ठेवता 90 मिनिटं खळखळून उकळा आणि नंतर वर्ट, म्हणजे मॅशमधून गाळलेला हा गोड रस, झटपट गार करा. अर्धवट झाकण ठेवलं की वाफेबरोबर जाणारं सगळं थेंबांवाटे परत पातेल्यात पडतं. हा दोष बाटलीत उतरला की घरी उपाय नाही.

साझमध्ये अल्फा आम्ल (कडूपणा देणारं द्रव्य) जेमतेम तीन-चार टक्के, म्हणून 20 लिटरला 80 ग्रॅमच्या घरात हॉप्स लागले तर दचकू नका. पाकिटावरचा आकडा बघून हिशेब करा.

यीस्ट: इथेच सगळं ठरतं

लागरला एलच्या (उबेत आंबवलेल्या बिअरच्या) दुप्पट यीस्ट लागतं. 12 अंश प्लेटोच्या (वजनाने सुमारे 12 टक्के साखर असलेल्या) 20 लिटर वर्टला साधारण 36,000 कोटी पेशी. कोरड्या यीस्टचं एक 11.5 ग्रॅमचं पाकीट पुरत नाही, दोन घ्या. द्रवरूप यीस्ट असेल तर मोठा स्टार्टर करा, म्हणजे थोड्या वर्टमध्ये यीस्ट आधी वाढवून घ्या.

यीस्ट कमी पडेल या धास्तीने लोक ते 20 अंशांच्या वर्टमध्ये घालतात आणि फसफसू लागल्यावर गार करतात. बटरस्कॉचच्या गोळीसारखा वास आणि फळांची छटा येते ती बरेचदा यामुळे. वर्ट आधी 8-9 अंशांवर आणा, हवा मिसळायला जोरात हलवा, मग यीस्ट घाला. पहिला दिवसभर एअरलॉक (भांड्यातला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारं बूच) गप्प असला तरी तापमान वाढवू नका. तापमापकाची तार भांड्याच्या अंगाला चिकटवून वरून स्पंज बांधा. फ्रिजमधली हवा 10 अंश दाखवते तेव्हा आंबणारी बिअर त्याहून गरम असते.

बटरचा वास, म्हणजे डायअसेटिल, काढायचं काम यीस्टच करतं. तीन-चतुर्थांश साखर आंबली की तापमान 15 अंशांपर्यंत चढू द्या आणि दोन-तीन दिवस थांबा. खात्री करायला दोन झाकलेले नमुने घ्या. एक 60 अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गार करा आणि दोन्ही हुंगा. तापवलेल्या नमुन्यात बटर जाणवलं, तर काम अजून उरलंय. पुसटशी छटा चेक बिअरमध्ये चालते, पण ती चवीला आधार देणारी हवी, तोंड तेलकट करणारी नको. काही महिन्यांनी बाटलीत बटर आणि आंबटपणा बरोबर आले, तर तो जंतुसंसर्ग. ती बिअर ओतून द्या आणि नळ्या बदला.

थंडीतला मुक्काम आणि बाटल्या

सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास आला म्हणून घाण्याचा नाद सोडू नका. लागर यीस्ट तो सोडतंच, आणि 0 ते 2 अंशांवर पाच-सहा आठवड्यांत तो बहुतेक विरतो. गार करताना भांडं एअरलॉकमधून हवा आत ओढतं आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दिवसाला एक-दोन अंशच उतरवा, शक्य तर कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा जोडा.

फेसासाठी बाटलीत घालायच्या साखरेचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो. गणकयंत्र तापमान विचारतं आणि लोक लागरिंगचा, म्हणजे थंडीतल्या मुक्कामाचा, 1 अंश भरतात. विरघळून राहिलेला वायू ठरतो तो आंबणं संपताना बिअर जितकी गरम होती त्यावर, म्हणजे वरच्या उदाहरणात 15 अंशांवर. 1 अंश भरला की साखर कमी पडते आणि बिअर फेसाविना निघते. इतक्या थंडीनंतर यीस्टही थकलेलं असतं. बाटल्या भरताना थोडं ताजं यीस्ट मिसळा, दोन-तीन आठवडे खोलीत उबेला ठेवा, आणि रंग तपकिरीच निवडा. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून उजेड गेला की हॉप्सना घाणेरडा वास येतो.