आजीची पितळी समई साफ करताय? आधी चिंच बाजूला ठेवा

जुन्या पितळेवरचा तो गडद तपकिरी रंग म्हणजे घाण नाहीये, तो पॅटिना, हवा आणि हातांच्या स्पर्शाने कित्येक वर्षांत तयार झालेला थर, आणि एकदा गेला की तसा परत यायला पुन्हा कित्येक वर्षं लागतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, लिंबू, पितांबरी, व्हिनेगर, सगळ्यात आम्ल असतं, ते हा थर तर खातंच पण जास्त वेळ ठेवलं तर जस्तही विरघळतं आणि पितळ गुलाबीसर दिसायला लागतं. रोजच्या पूजेच्या भांड्यांना चालेल हो, जुन्या वस्तूला नको.

मग करायचं काय, तर आधी कोरड्या मऊ ब्रशने नक्षीतली धूळ काढा. समईत तेलाचा चिकट थर असतोच, त्यासाठी कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाकून सुती फडक्याने हळूहळू पुसा, घाई करू नका, चिकटा सुटला नाही तर परत कोमट पाणी, पण तारेची घासणी अजिबात नाही! कुठे हिरवा गंज दिसला तर तेवढाच टूथपिकने अलगद खरवडा.

धुतल्यावर लगेच कोरडं करा, सांध्यात पाणी राहिलं की परत हिरवं होतं. शेवटी मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या, फडक्याने चोळा. ज्यात स्वयंपाक करता त्या भांड्यांना मात्र हे मेण लावू नका, त्यांना कल्हई लागते.