कोलंबियाची पेयं घरी करताना: गोडाला हात कुठे आखडायचा?

बोगोटात रसाच्या दुकानात उभं राहिलं की एकच प्रश्न येतो: "एन आग्वा ओ एन लेचे?" पाण्यातला की दुधातला? साखरेचं कोणी विचारत नाही. ती घालायचीच असते, त्यात विचारायचं काय! भरगच्च चमचा मिक्सरच्या भांड्यात रिकामा होतो आणि पेला हातात येतो. "सिन आसूकार", म्हणजे बिनसाखरेचा, हे दोन शब्द मी तिथे राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात शिकले. पण दुपारच्या थाळीबरोबर येणाऱ्या रसापुढे तेही चालत नाहीत, कारण तो सकाळीच पातेलंभर करून ठेवलेला असतो.

पुण्याला परतल्यावर तीच पेयं घरी करायला घेतली आणि सरधोपट विचार केला, की सगळीकडे साखर निम्मी करू. सगळंच फसलं. लुलादा, म्हणजे आंबट फळाचं गार पेय, दात आंबवणारी झाली आणि आग्वापानेला, म्हणजे गुळाचं गरम पेय, नुसतं तपकिरी कोमट पाणी लागलं. फक्त ओट्सच्या आवेनात काही फरक कळला नाही. तेव्हा लक्षात आलं की साखर प्रत्येक पेयात वेगळं काम करते. कुठे ती आंबटाला आवरते, कुठे तीच मुख्य चव असते, तर कुठे निव्वळ सवय म्हणून पडते. ते काम ओळखलं की हात कुठे आणि किती आखडायचा ते कळतं.

एक आकडा ध्यानात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी; ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे.

आग्वापानेला: इथे गूळ हीच चव

पानेला म्हणजे आपला गूळच. उसाचा रस काहिलीत आटवून साच्यात ओतायचा, ढेप पाडायची. त्यांचं 'त्रापिचे' आणि आपलं गुऱ्हाळ यांत वासाचासुद्धा फरक नाही. जगात गूळ करण्यात भारतानंतर कोलंबियाचाच नंबर लागतो. त्यामुळे या पेयासाठी पर्यायी वस्तू शोधत बसायला नको, कोल्हापूरची ढेप पुरते.

बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंचावर, संध्याकाळी हाडं गार पडतात. माझी घरमालकीण अर्ध्या किलोच्या ढेपेतला पाव भाग लिटरभर पाण्यात उकळायची आणि वाफाळता कप पुढे करून म्हणायची, "घ्या सुमेर्से." तिकडच्या डोंगराळ भागात मायेनं आणि मानानं हाक मारायची ती रीत. मायेचा हिशोब करू नये, पण गुळाचा करू: १२५ ग्रॅम गूळ, चार कप, म्हणजे कपाला ३० ग्रॅमच्या वर. गुळाला आपण 'नैसर्गिक' म्हणून सूट देतो, पण त्यात मुख्यतः साखरच असते. मधुमेह असणाऱ्यांनी तर गूळ आणि साखर एकाच मापानं मोजावी.

हलकी आग्वापानेला अशी करा (चार कप):

१. लिटरभर पाण्यात बोटभर दालचिनी, चार लवंगा आणि इंचभर ठेचलेलं आलं घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर १० मिनिटं उकळा. गूळ आत्ता नाही. मसाल्याचा अर्क आधी उतरू द्यायचा. दालचिनीचा वास आपण गोडाशी जोडतो, म्हणून गूळ कमी असला तरी जीभ तक्रार करत नाही.

२. आता ३० ग्रॅम काळसर गूळ घाला, म्हणजे मध्यम आवळ्याएवढा खडा. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण काळसर गुळाला चव जास्त, म्हणून तो कमी लागतो.

३. विरघळला की वर येणारी मळी चमच्यानं काढा, चिमटीभर मीठ घाला, गाळा.

४. लिंबाचा रस कपात, पिताना. उकळत्या पातेल्यात पिळलात तर वास उडून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो.

कपाला साडेसात ग्रॅम गूळ झाला. तिकडे यात पांढऱ्या मऊ चीजचे तुकडे टाकतात आणि शेवटी चमच्यानं खातात. ताज्या पनीरचे तुकडे टाकून बघा, मला आवडतात. घरात बाकी कुणाला नाही. दुधाची आग्वापानेला हवी असेल तर गुळाच्या चहाचा नियम पाळा: आधी गॅस बंद, मग गरम दूध. एकत्र उकळलंत की फुटलंच.

लुलादा: इथे साखर आंबटाला आवरते

लुलादा काली शहराची. काली बोगोटापेक्षा सखल आणि उष्ण, त्यामुळे तिथे पेला बर्फानं गच्च भरतात. लुलो हे फळ बाहेरून नारिंगी, आतून हिरवं, कापलं की टोमॅटोसारखं दिसतं. ते वांग्या-टोमॅटोच्याच कुळातलं. चव मात्र लिंबू आणि अननस यांच्या मधली. आपल्या बाजारात मिळत नाही, तेव्हा जे करणार ती खरी लुलादा नाही हे आधीच कबूल करते. पण चार किवी आणि अननसाच्या दोन चकत्या एकत्र केल्या की बरीच जवळ जाते.

किवी जरा करकरीत घ्या, अननस मात्र पुरता पिकलेला. गोडाचा निम्मा भार त्यानं उचलायचा आहे. दोन्ही सोलून पातेल्यात घ्या आणि लाकडी रवीच्या बोंडानं किंवा वाटीच्या बुडानं ठेचा. मिक्सर लावू नका. किवीच्या बिया फुटल्या की पेय कडवट होतं. शिवाय लुलादा नुसती प्यायची नसते, तळाचे तुकडे चमच्यानं खायचे असतात.

आता साखर. चार पेल्यांना सपाट चार चमचे, पण ती दोन लिंबांच्या रसात आधी पूर्ण विरघळवून घ्या. गार पाण्यात टाकलेली साखर तळाशी बसते, पहिला घोट आंबट लागतो आणि आपण आणखी एक चमचा टाकतो. नेहमीच्या लिंबूसरबतातही साखर अशीच जास्त जाते. मग अर्धा लिटर पाणी, चिमटीभर मीठ आणि बर्फ बेतानं, पेल्याला दोन खडे. फार गार पेयात जिभेला गोड कमी कळतं, म्हणून बर्फ जितका जास्त तितकी साखर जास्त लागते. माठातलं पाणी वापरलंत तर बर्फाची गरजही पडणार नाही आणि चार चमच्यांचे तीन होतील.

लिमोनादा दे कोको: इथे डबाच काढून टाका

कार्ताहेनाला किनाऱ्यावर बसून हे पांढरंशुभ्र नारळाचं लिंबूसरबत प्यायलं की काही मिनिटं बाकी काही सुचत नाही. मग ते करताना बघितलं: नारळाचं साखर घातलेलं दाट क्रीम, वर कंडेन्स्ड मिल्क, वर आणखी साखर. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते, हे डब्यामागच्या तक्त्यावर कुणालाही वाचता येईल.

पहिल्यांदा मी सोलकढीच्या सवयीनं खवलेल्या नारळाचं दूध काढलं, त्यात लिंबू पिळलं आणि पाहुणे यायची वाट बघत तासभर ठेवलं. पाहुणे आले तेव्हा वर साय, खाली पाणी. नुसतं फुटलेलं असतं तर ढवळून दिलं असतं, पण ते जडही फार झालं होतं.

त्यापेक्षा शहाळी आणा. मलईवालं शहाळं मागा, पाणीवालं नाही. दोन शहाळ्यांची मलई आणि त्यांतलं पाव लिटरभर पाणी मिक्सरला एकदम गुळगुळीत फिरवा. मग दोन कागदी लिंबांचा रस, एका लिंबाच्या हिरव्या सालीचा किस, चिमटीभर मीठ आणि वाटीभर बर्फ घालून पुन्हा दहा सेकंद. सालीचा पांढरा भाग किसू नका, कडू होतं. शहाळ्याच्या पाण्याला स्वतःचा गोडवा असतो, म्हणून आधी चाखा. लागलाच तर सगळ्यात मिळून एक चमचा साखर. शहाळ्याच्या मलईत पक्क्या खोबऱ्यापेक्षा तेल बरंच कमी, त्यामुळे साखर आणि जडपणा दोन्ही एकदमच जातात. लगेच प्या, हे ठेवायचं पेय नाही.

आवेना: इथे साखर निव्वळ सवयीची

आवेना म्हणजे ओट्स. बेकरीत काचेमागे पांदेबोनो नावाचे चीजचे गोल पाव आणि शेजारी गार आवेनाचे पेले, ही कोलंबियातली न्याहारी. दूध आणि दालचिनी दोन्ही मुळातच गोडाकडे झुकतात, म्हणून साखर काढण्याचा सराव इथून सुरू करावा.

अर्धा लिटर पाण्यात दालचिनीचा तुकडा आणि तीन लवंगा उकळा, ४० ग्रॅम साधे ओट्स टाका (झटपट होणारी मसालेवाली पाकिटं नकोत), मंद आचेवर १० मिनिटं शिजवा. मसाला काढून टाका. गार झालं की भिजवलेले तीन खजूर घालून मिक्सरला लावा, मग अर्धा लिटर गार टोन्ड दूध मिसळा. गाळू नका, चोथ्यातच तर खरं काम आहे. बाकी साखर शून्य. खजूरही गोडच, पण तीन खजूर चार पेल्यांत वाटले जातात.

फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलंत तर सकाळी खळीसारखं घट्ट झालेलं मिळेल. घाबरू नका, दूध घालून ढवळा, पातळ होतं.

चॉकलेट, रवीनं घुसळलेलं

बोगोटातलं गरम चॉकलेट मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते त्याच्या हत्यारामुळे. 'मोलिनियो' नावाची लाकडी रवी उंच भांड्यात उभी धरायची आणि दोन तळव्यांत घुसळायची, आजी ताक करायची अगदी तशी. ती बघितल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते.

बाजारातल्या चॉकलेटच्या वड्यांत साखर आधीच घातलेली असते. तिथेही बिनसाखरेच्या वड्या मिळतात. आपण साधी बिनसाखरेची कोको पावडर घ्यावी. दोन कपांना: एक कप पाणी, एक कप दूध, सपाट दोन मोठे चमचे कोको, दालचिनीची पूड, आणि प्रत्येक कपाला एक चमचा किसलेला गूळ. कोको आधी थोड्या गरम पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. पाणी, दालचिनी, कोको, गूळ उकळा, गॅस बंद करा, गरम दूध ओता आणि रवीनं दोन मिनिटं जोरात घुसळा. वर बोटभर फेस आला पाहिजे. फेसामुळे अर्ध्या पाण्याचं चॉकलेटही दाट वाटतं. ही युक्ती माझी नाही, तिथे पाण्यातलं चॉकलेट घरोघरी असंच करतात.

सालपिकोन आणि चांपूस

सालपिकोन म्हणजे पपई, केळं, आंबा, अननस यांचे बारीक तुकडे आणि वर बहुतेकदा गोड लाल सोडा. तो सोडा टाळा. कलिंगड मिक्सरला फिरवा, गाळा, निम्म्याला निम्मा साधा सोडा घाला आणि तो तुकड्यांवर ओता. साखर अजिबात लागत नाही. कोलंबियात १ नोव्हेंबर २०२३ पासून साखरेच्या बाटलीबंद पेयांवर वेगळा कर आहे आणि पाकिटांवर 'साखर जास्त' असा काळा अष्टकोन छापतात. घरच्या पातेल्यावर मात्र तो कोणी चिकटवत नाही.

चांपूस मात्र मी अजून नीट हलकं करू शकलेले नाही. मक्याचे दाणे शिजवून त्यात गुळाचा पाक, अननस, लुलो, लवंग आणि संत्र्याच्या झाडाची पानं. गूळ निम्म्याच्या खाली नेला की ती मक्याची पेज लागते. म्हणून तो मी तसाच करते, फक्त पेला वाटीएवढा घेते.

राहिला साखरेऐवजी वापरायच्या गोडाचा प्रश्न. स्टीव्हिया, म्हणजे एका झाडाच्या गोड पानांचा अर्क, लिंबाच्या पेयात खपून जातो, दुधाच्या पेयात ज्येष्ठमधासारखी कडवट चव मागे ठेवतो. वजन आटोक्यात ठेवायला असे पर्याय वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सुचवलं आहे. मी डबा आणला होता, तो अजून पाऊण भरलेला आहे.

आणि आग्वापानेला फ्रीजमध्ये दोनच दिवस ठेवा. तिसऱ्या दिवशी झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि वास आंबूस वाटला, तर ती ग्वारापोच्या, म्हणजे आंबवलेल्या गूळपाण्याच्या वाटेला लागली असं समजा आणि मोरीत ओता. ग्वारापोही तिकडचंच पेय, पण त्याची कृती वेगळी.