फुकट वेबसाइट बनवताना या चुका टाळा

गोव्यात सावईवेरेला माझ्या मावशीचं कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बाग आहे. तिथल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते, जोडीला आमसुलं आणि फणसाचे तळलेले गरे विकते. चतुर्थीच्या तोंडावर तिला साइटवरचा जुना फोन नंबर बदलायचा होता. साइट बनवली होती तिच्या पुतण्याने, स्वतःच्या ईमेलवर, आणि पुतण्या जहाजावर. ओटीपी जाणार त्याच्या इथल्या सिमवर, ते बंद. तो परत येईपर्यंत लोक बंद नंबरच फिरवत राहिले. म्हणून पहिली गोष्ट ही: साइट कोणीही बनवून देवो, खातं धंद्याच्या मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्याच मोबाइल नंबरवर काढा.

दुसरी चूक बहुतेक सगळे करतात. टेम्पलेट, म्हणजे साइटचा तयार नमुना, किती देखणं आहे ते बघतात, पत्ता कोणाच्या नावावर आहे ते बघत नाहीत. फुकट योजनेत विक्स आणि वर्डप्रेस डॉट कॉम या साइट बनवून देणाऱ्या सेवा तुमच्या पत्त्यात स्वतःचं नाव घालतात, पानावर जाहिरात लावतात, आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, जोडायचं तर पैसे मागतात. गूगल साइट्स आणि ब्लॉगर या गूगलच्या सेवांवर तुम्ही विकत घेतलेलं डोमेन फुकट जोडता येतं. डोमेनला वर्षाकाठी हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. माझ्या मते एवढा खर्च कराच. मार्च 2024 मध्ये गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत (नकाशावर धंद्याची माहिती दाखवणारी नोंद) मिळणाऱ्या फुकट साइट बंद केल्या. तोच पत्ता कार्डावर आणि पाटीवर छापलेल्यांना सगळं पुन्हा छापावं लागलं. डोमेन स्वतःचं असतं, तर तोच पत्ता दुसऱ्या साइटकडे वळवता आला असता.

बाहेर पडायची वाटही आधीच तपासा. वर्डप्रेस आणि ब्लॉगरमधला मजकूर फाइल म्हणून उतरवून घेता येतो. विक्सची साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेलं टेम्पलेटही बदलता येत नाही, नवी साइट काढावी लागते. रचनेची मोकळीक मात्र तिथेच जास्त आहे. गूगल साइट्स त्यामानाने साधं. दुकानाची सोय नाही, पण खोल्या, फोटो, नकाशा आणि फोन नंबर एवढंच दाखवायचं असेल तर मी तेच सुचवेन.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधलं पत्रक तसंच चिकटवलं की पानावर अगम्य चिन्हं उमटतात. ते युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप करतो ती पद्धत) बदलून घ्या, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. मावशीच्या जुन्या साइटवर मथळ्यातलं प्रत्येक अक्षर सुटं दिसत होतं, शिरोरेषा तुटलेली. टेम्पलेटने अक्षरांमध्ये अंतर टाकलं होतं. ते शून्य केलं आणि शब्द जुळले. वेलांट्या वरून कापल्या जात असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट बिनधास्त वापरा.

फोटो मोबाइलमधून तसेच चढवू नका. एकेक चार-पाच एमबीचा असतो. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात पावसाळ्यात रेंजची एकच काडी असते, तिथे ते पान उघडतच नाही. स्क्वूश या फोटो लहान करणाऱ्या फुकट साइटमध्ये टाकून प्रत्येक फोटो दोन-तीनशे केबीवर आणा.

‘मला दिसते, बाकीच्यांना नाही’ ही तक्रार असेल तर साइट ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे तुमचं लॉगिन चालत नाही), दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. बहुधा पब्लिश करायचं राहिलेलं असतं, किंवा साइटवर लावलेल्या गूगल ड्राइव्हमधल्या फाइलला सगळ्यांनी बघायची परवानगी दिलेली नसते. डोमेन जोडल्यावर लगेच घाबरू नका, बदल सगळीकडे पोचायला 48 तास लागू शकतात. मावशीची नवी साइट तीन दिवसांनीही काहींना उघडत नव्हती. पत्त्याआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहिलं की उघडायची, नुसतं नाव टाकलं की नाही. डोमेन घेतलं होतं तिथल्या सेटिंगमध्ये नुसत्या नावाचं फॉरवर्डिंग लावायचं आम्ही विसरलो होतो.