गृहकर्ज मुदतीआधी फेडायचंय? या चुका टाळा

बेताच्या पगारातही गृहकर्ज मुदतीआधी फेडता येतं. त्यासाठी लागणारी जास्तीची रक्कम बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच लहान असते. घोडं अडतं ते भलतीकडेच. पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पर्यायाखाली जमा होतात, आणि वर्षभराने बघावं तर कर्ज जवळपास तिथंच.

एक हिशेब समोर ठेवू, पुढे तोच कामी येईल. कर्ज २० लाखांचं, व्याजदर ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण १७,९९५. पहिल्या महिन्यात त्यातले १५,००० व्याजात जातात आणि मुद्दलातून उतरतात जेमतेम २,९९५. असंच पूर्ण मुदत भरत राहिलात तर नुसतं व्याजच २३ लाखांच्या वर जातं. आता पहिल्या महिन्यापासून दरमहा फक्त २,००० जास्त भरा. कर्ज सुमारे साडेचार वर्षं आधी संपतं आणि व्याजाचे सहा लाख वाचतात. कारण ते २,००० थेट मुद्दलातून वजा होतात आणि तेवढ्या रकमेवरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज लागतच नाही.

होती नव्हती ती शिल्लक कर्जात ओतणं

कमी उत्पन्नाच्या घराला सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून ती आधी. बोनस आला, ठेव मोडली, चार वर्षांची बचत एकदम कर्जात भरली. त्या दिवशी फार हलकं वाटतं. मग तीन महिन्यांनी कुणाची नोकरी जाते किंवा घरात आजारपण येतं. कर्जात भरलेले पैसे सहसा परत काढता येत नाहीत. आणि तुम्ही आधी एक लाख जास्त भरलेत म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. तो ठरलेल्या तारखेला जायलाच हवा. मग घर चालवायला क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज काढावं लागतं, आणि त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे ९ टक्क्यांचं कर्ज फेडलं आणि त्याहून महाग कर्ज घेतलं.

निदान सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासकट बाजूला असल्याशिवाय मोठी रक्कम कर्जात भरू नये, असं माझं ठाम मत आहे. घरात कमावणारी व्यक्ती एकच असेल किंवा काम हंगामी असेल, तर त्याहूनही जास्त ठेवा. आरोग्य विमा आणि कमावत्या माणसाचा मुदत विमा (ठरावीक काळात मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा) बंद करून तो पैसा कर्जाकडे वळवणं तर मुळीच नको. कर्ज अर्धवट असताना कमावता माणूस गेला, तर घर टिकवण्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो.

डोक्यावर आधीच कार्डाची थकबाकी किंवा दुसरं महाग कर्ज असेल, तर पहिला जास्तीचा पैसा तिकडे जायला हवा. घराचं कर्ज मोठं दिसतं म्हणून तेच जास्त टोचतं, पण व्याजाचा दर बघा, रकमेचा आकडा नको.

हप्ता कमी करायचा की मुदत, हे न विचारताच पैसे भरणं

एकरकमी काही भरलं की पुढे दोन वाटा असतात: हप्ता तोच ठेवून मुदत घटवायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता घटवायचा. अर्जावर एका खुणेचा प्रश्न, पण फरक जबर आहे. वरच्याच कर्जात एक वर्षानंतर एक लाख भरले असं धरा. मुदत कमी करून घेतली तर २७ हप्ते वाचतात आणि व्याजाची बचत सुमारे ४ लाख होते. हप्ता कमी करून घेतला तर तो दरमहा ९१७ ने उतरतो आणि शेवटपर्यंतची बचत होते साधारण १ लाख ९ हजार. भरलेले पैसे तेच, दिवसही तोच.

तरीही हप्ता कमी करणं नेहमीच चूक, असं मी म्हणणार नाही. उत्पन्न डळमळीत असेल तर लहान हप्ता मोठा आधार असतो. अशा घरांना मी एक मधला मार्ग सुचवेन: हप्ता कमी करून घ्या, पण चांगल्या महिन्यांत जुन्या हप्त्याइतकीच रक्कम भरत राहा आणि वरचा फरक मुद्दलात टाका. दर महिन्याला न चुकता तसं केलंत तर कर्ज मुदत घटवल्याइतकंच लवकर फिटतं, आणि वाईट महिन्यात बंधन फक्त लहान हप्त्याचं राहतं. मात्र बँक दरमहा लहान रक्कम स्वीकारते का, किमान रकमेची अट आहे का, त्यावर शुल्क आहे का, हे आधी विचारून घ्या. मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क करारात लिहिलेलं असतं. स्थिर दराच्या कर्जात ते जास्त करून आढळतं.

पैसे भरले, पण मुद्दल हललंच नाही

ही तक्रार वरचेवर कानावर येते. जास्तीची रक्कम कर्जखात्यात नुसती जमा केली, तर काही वेळा ती ‘पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम’ म्हणून पडून राहते. तिच्यामुळे व्याज कमी होत नाही. त्यामुळे भरतानाच ‘अंशतः मुदतपूर्व परतफेड, मुद्दलात वजा करावी, मुदत कमी करावी’ असं लेखी द्या आणि पोच घ्या.

मग महिनाभराने स्टेटमेंट काढून तीन गोष्टी ताडून पाहा: शिल्लक मुद्दल भरलेल्या रकमेइतकं उतरलं का, पुढच्या हप्त्यात व्याजाचा भाग घटला का, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का. व्याजाचा भाग स्वतः तपासणं सोपं आहे. शिल्लक मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले १२. थोडाफार फरक दिवसांच्या मोजणीमुळे पडतो. मोठा दिसला तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार करा. वर्षभराने दुरुस्ती मागायची म्हणजे मागचं सगळं व्याज पुन्हा मोजायला लावायचं, आणि तिथे फार वेळ जातो.

हप्ता वाढला नाही म्हणून निर्धास्त राहणं

बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाते. खात्यातून जाणारी रक्कम बदलत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या उदाहरणात एक वर्षानंतर दर ९ वरून १० टक्के झाला, तर उरलेले २२८ हप्ते सुमारे २८९ होतात. पाच वर्षं वाढली! तीच मुदत टिकवायला हप्ता साधारण १,२६० ने वाढवावा लागतो. दर ११ टक्क्यांवर गेला तर महिन्याचं व्याजच १७,९९० होतं, म्हणजे जवळपास सगळा हप्ता व्याजातच संपतो.

म्हणून दर बदलल्याची सूचना आली की ‘माझी मुदत आता किती?’ हे विचारा आणि झेपत असेल तर हप्ता वाढवून मागा. दर उतरल्यावर उलटं करा: हप्ता कमी करून देऊ लागले तरी जुनाच चालू ठेवायला सांगा.

जवळची अशीच एक चूक कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेताना होते. १५ वर्षं उरलेली असताना नवं कर्ज पुन्हा २० वर्षांचं घेतलं, की दर कमी मिळूनही एकूण व्याज वाढू शकतं. उरली आहे तेवढीच किंवा त्याहून कमी मुदत मागा, आणि प्रक्रिया शुल्कासकट हिशेब करा.

न झेपणारा आकडा ठरवणं

पहिल्या उत्साहात दरमहा ८,००० जास्त भरायचं ठरतं आणि तिसऱ्या महिन्यात शाळेची फी आली की सगळंच थांबतं. वर्षभराचे मोठे खर्च आधी मांडा, ते बाराने भागून महिन्याच्या खर्चात धरा आणि मगच उरलेल्यातून आकडा काढा. तो १,००० आला तरी चालेल. घरातल्या सगळ्यांना तो माहीत असू द्या.

सुरुवातीची वर्षं मात्र वाया घालवू नका. पहिल्या वर्षानंतर भरलेल्या एक लाखाने सुमारे ४ लाख वाचतात, हे वर पाहिलंच; तोच लाख पंधरा वर्षांनंतर भरला तर बचत सुमारे ५२ हजारांची. शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्यांनी जास्तीचे पैसे निवृत्तीसाठी राखले तरी फारसं बिघडत नाही.

शेवटची रक्कम भरून मोकळं होणं

संपूर्ण कर्ज फेडताना अंदाजे रक्कम भरू नका. ठरावीक तारखेपर्यंतच्या व्याजासह एकूण देणं किती, याचं लेखी पत्र मागा. काही शे रुपयेही मागे राहिले तर खातं बंद होत नाही आणि त्यावर दंड चढत जातो. ऑटो डेबिट रद्द करा. ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे काहीच देणं उरलं नाही असा बँकेचा दाखला, घ्या. घराची मूळ कागदपत्रं परत घेताना, कर्ज घेतेवेळी दिलेल्या यादीशी एकेक पान जुळवा. गहाणाचा बोजा सरकारी नोंदीत चढवला असेल तर तो उतरवून घ्या, कारण घर विकायची वेळ आली की पहिली अडचण तिथेच येते. दोनेक महिन्यांनी पतअहवाल (तुमच्या कर्जांची नोंद असलेला क्रेडिट रिपोर्ट) काढून कर्ज ‘बंद’ दिसतंय का पाहा. अजून चालू दिसलं, तर ना-देय प्रमाणपत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या.