ल्युपस उचल खातो तेव्हा: घरी काय करावे आणि तज्ज्ञांपुढे काय मांडावे

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. तो काही महिने शांत राहतो आणि मग अचानक उचल खातो. संधिवाततज्ज्ञांची भेट मात्र ठरलेल्या तारखेलाच मिळते, आणि मुंबईतील गर्दीच्या ओपीडीत ती काही मिनिटांत आटोपते. त्या दिवशी चट्टा मावळलेला आणि ताप उतरलेला असण्याची शक्यताच अधिक. म्हणून मधल्या काळाची हकीकत नीट मांडता येणे हा उपचाराचाच भाग समजावा.

पहिली पायरी नोंदीची. कोणाचे सांधे सकाळी आखडतात, कोणाला तोंड येते, कोणाला नुसताच गळून गेल्यासारखा थकवा येतो. आपल्या आजाराची चाल कशी आहे ते तारखेसह लिहावे. ताप मोजून लिहावा, चट्ट्याचा आणि सुजेचा फोटो दिवसाउजेडी काढून ठेवावा. त्याआधी ऊन लागले होते का, जागरण झाले होते का, गोळी चुकली होती का, हेही नोंदवावे.

उचल आल्यावर कामे कमी करावीत आणि उन्हापासून जपावे. ढगाळ हवेतही अतिनील किरण पोहोचतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी बरे वाटते म्हणून थांबवू नये. स्टेरॉईडची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये आणि ते एकाएकी तर मुळीच सोडू नये, कारण दीर्घकाळ घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी बनवू लागते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे ल्युपसच्या रुग्णाने विशेष लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात एक पेच हमखास येतो. प्लेटलेट ल्युपसमध्ये कमी होतात, तशाच डेंग्यूतही होतात. सांधे चिकनगुनियातही धरतात. त्यामुळे ताप आला की ‘आपलाच जुना आजार’ असे गृहीत धरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, ल्युपस आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत हे आधी सांगावे, मग डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांच्या तपासण्यांचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे.

छातीत दुखणे, धाप लागणे, फिट येणे, बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही झाले तर भेटीची तारीख पाहत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. फेसाळ लघवी आणि पायांवर सूज यांचीही खबर लगेच द्यावी.

भेटीआधी सांगितलेल्या तपासण्या काही दिवस अगोदर, शक्यतो नेहमीच्याच प्रयोगशाळेत कराव्यात. सी३, सी४ आणि अँटी-डीएसडीएनए या ल्युपसचा जोर दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे अहवाल त्याच दिवशी हाती येतीलच असे नाही. मग एकच कागद तयार करावा: वर चालू औषधे व मात्रा, मधे उचलींच्या तारखा, खाली तीन प्रश्न, आणि ज्याची धास्ती सर्वांत जास्त तो प्रश्न पहिला. ‘खूप दुखते’ या शब्दांतून डॉक्टरांच्या हाती फारसे लागत नाही. ‘पंधरा दिवस वेणी घालता आली नाही, डब्याचे झाकण उघडले नाही’ यातून पुष्कळ लागते.

परळच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात केसपेपर आणि नंबर यांतच सकाळ सरते, तेव्हा पाणी, खाणे आणि दुपारची गोळी जवळ असावी. सोबत येणाऱ्याला आधीच सांगावे की त्याने बोलायचे नाही, लिहून घ्यायचे. आपल्याकडे नेमके उलट घडते. छातीत धडधड होऊ लागली तर श्वास सावकाश, लांबवर सोडावा, आणि आत गेल्यावर ‘मला या भेटीचे दडपण येते’ असे सरळ सांगावे. पैशांअभावी राहिलेल्या गोळ्याही लपवू नयेत, कारण ते माहीत नसेल तर औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवली जाऊ शकते. मूल हवे असेल, तर गर्भ राहण्यापूर्वीच तो विषय काढावा. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट ही ल्युपसमध्ये दिली जाणारी औषधे गर्भाला घातक ठरतात.

उठण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांसमोर एकदा वाचून दाखवावी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे लागणारी डोळ्यांची तपासणी केव्हा करायची ते विचारावे, आणि पुढच्या तारखेआधी उचल आली तर कोणाला फोन करायचा, कोणते औषध किती घ्यायचे, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.